पाइपातला सांधा

ये गं, इकडे ये. अशी जवळ बस, लांबून ऐकू नकोस. आणि तोंड पाडू नकोस, मी फार रागावलेली नाही. थोडी आहे. बोलून झालं की जाईल.

धुळ्याच्या लग्नात पंगत बसली होती आणि तू चार बायकांत म्हणालीस, "मावशीला विचारा राउटर म्हणजे काय, ती सांगेल मिक्सरचं भांडं आहे." बायका हसल्या. मीही हसले, कारण माझ्या तोंडात जिलेबी होती आणि उत्तर द्यायचं तर ती आधी गिळायला हवी होती. गिळेपर्यंत विषय साड्यांवर गेला. बहिणीची मुलगी असलीस तरी असं बोलू नये बाई. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं जे आलं ते वाचून वाचून आलं. आणि ज्या राउटरवर तुम्ही हसलात त्याच्यापायी मी आखाजीनंतरच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, अंगणात मांडी घालून बसलेली आहे. फोनवर सांगायला गेले तर तू "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि ठेवून देतेस. म्हणून तुला समोर बसवल्यासारखं लिहून काढलं. लिहिलेलं मध्येच ठेवून देता येत नाही. येतं म्हणा, पण मला कळत नाही.

तुला आमचं घर माहीत आहे, पण हे दुसरंही कोणी वाचेल, म्हणून सांगते. आमचं गाव जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला, केळीच्या पट्ट्यात. पुढचं घर जुनं, भिंती हातभर जाड. मग अंगण. अंगणाच्या पलीकडे मुलाच्या लग्नाच्या वेळी बांधलेली स्लॅबची खोली, तिथे मुलगा आणि सून राहतात. इंटरनेट येतं पुढच्या घरात. तिथल्या राउटरचं वायफाय त्या जाड भिंतींतून कसंबसं ओसरीपर्यंत येतं आणि तिथे दमून बसतं. म्हणून केबलवाल्याने पुढच्या राउटरमधून एक निळी तार काढली, ती काळ्या पाइपात घातली, पाइप अंगणात वीतभर खोल पुरला आणि मागच्या खोलीत दुसरा राउटर बसवला. पाइप घरचाच होता. जळगाव जिल्ह्यात कोणाला पाइप कमी पडला असं मी तरी ऐकलेलं नाही. त्या तारेतून सगळं नीट आलं की मागच्या राउटरवर एक बारीक हिरवा दिवा लागतो. एवढंच त्याचं शास्त्र. बाकी जे काही आहे ते त्या दिव्याच्या मागेपुढे.

आता सूनबाई. ती धुळ्याची. बी.कॉम. झालेली, बोलायला स्पष्ट, आणि दोन वर्षं घरात बसून कंटाळलेली. तिने घरबसल्या करायची एक नोकरी शोधली. लोकांची वॉशिंग मशीन बंद पडली की ते कंपनीला फोन करतात, तो फोन ही घेणार आणि त्यांना सांगणार, आधी प्लग बघा. दोन मुलाखती झाल्या, दोन्हीत पास. राहिली होती फक्त तपासणी. कंपनीचा माणूस व्हिडिओवर येऊन तिची जागा बघणार होता. त्याच्या अटी तीन. खोली स्वतंत्र हवी, दार बंद होणारं हवं, आणि इंटरनेट तारेचं हवं, वायफाय चालणार नाही आणि मोबाइलचंही नाही. जिथून रोज काम करणार तिथूनच तपासणी द्यायची. शुक्रवारी दुपारी तीन वाजता. आणि त्या दिवशी जमलं नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार, हेही त्यांनी फार गोड भाषेत लिहिलेलं होतं.

तू म्हणशील, मग पुढच्या घरात बसायचं. पुढच्या घरात दार आहे, पण ते बंद केलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं नाही. सकाळपासून केळीचे व्यापारी, मजूर, यांचे मित्र, मित्रांचे मित्र. तिथे कोणाची वॉशिंग मशीन दुरुस्त होणार?

तपासणीच्या आधी आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला सासुरवाशिणीने माहेरी जायचं, ही आपली रीत. सूनबाई धुळ्याला गेली, दहा दिवस राहिली, झोके खेळून, खापरावरची पुरणपोळी आणि रस खाऊन गुरुवारी संध्याकाळी परत आली. त्या दहा दिवसांत इकडे एक गोष्ट घडली होती, आणि ती मला माहीत होती.

झालं असं, की सून नाही, घर मोकळं, म्हणून आमच्या यांनी अंगणातल्या कढीपत्त्याला आणि लिंबाला ठिबकची नळी द्यायचं काढलं. ठिबक म्हणजे झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी. कुदळ घेतली, चर खणायला लागले. मी बाजूला खाटेवर बसून लसूण सोलत होते. चौथ्या की पाचव्या घावाला वेगळाच आवाज आला. यांनी वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा खाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तार लागली."

"कुठली तार?"

"सूनबाईची."

घाबरायचं काही कारण नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. कारण विहिरीतल्या मोटारीची केबल जोडण्यात यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. चाळीस वर्षं लोक बोलावून नेतात. पाण्याखाली यांचा एक सांधा सुटलेला नाही, हे ते स्वतः सांगतात आणि लोकही सांगतात. तर यांनी तासभर बसून ती तार जोडली. आत केसासारख्या आठ तारा निघाल्या. मी म्हटलं, केबलवाल्याला बोलवा. ते म्हणाले, "मोटारीला तीन राह्यतात, इथं आठ आहेत. वेळ जास्त लागल, दुसरं काय?" जोडून झाल्यावर वरून काळी टेप, टेपवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, ट्यूबवर सुतळी घट्ट गुंडाळली, कापलेल्या पाइपावर जरा मोठ्या पाइपाचा तुकडा चढवला आणि माती लोटली. मग हात धुताना मला म्हणाले, "तिला सांगायचं नाही. उगाच धुळ्यात बसून काळजी करल." त्या दिवशी घरात रस होता, माणूस खुशीत होता. मी म्हटलं, नाही सांगत. शब्द दिला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता सूनबाई अंगण ओलांडून आली. "आई, मागचा दिवा लागत नाहीये."

"लागेल गं," मी म्हटलं. "दहा दिवस बंद होता, पोराला मोबाइलच पुरतो. जरा वेळ दे."

मी ओसरीत मिरच्यांची देठं काढत बसले होते. तिथून दोन्ही घरं दिसतात. तिने काय काय केलं ते मी सगळं बघितलं, म्हणून तुला क्रमाने सांगू शकते. आधी तिने दोन्ही राउटर बंद केले, मनात तीस मोजले, चालू केले. नाही. मग तारेची दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवली, टक्‌ आवाज येईपर्यंत. पुढच्या टोकाचा टक्‌ मला ओसरीत ऐकू आला. नाही. मग भोक बदललं. राउटरच्या मागे चार भोकं सारखी असतात आणि एक वेगळ्या रंगाचं असतं, ते बाहेरून येणाऱ्या तारेचं. तिने चारही करून बघितली. नाही. मग तिने डोकं लावलं. मागचा राउटर उचलून पुढच्या घरात आणला आणि हातभर लांबीच्या दुसऱ्या तारेने दोन्ही राउटर जवळजवळ ठेवून जोडले. लगेच दिवा लागला. लॅपटॉप त्याला जोडला, तोही चालला. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "हा डबा ठीक, तो डबा ठीक. म्हणजे मधली तारच."

मी देठं काढत राहिले. त्या दिवशी मी एवढ्या मिरच्या निवडल्या की पुढचे दोन महिने पुरतील.

केबलवाल्याला फोन लावला तर तो पार धुळ्यापलीकडे दोंडाईच्याला. त्याच्या सालीचं लग्न. सूनबाईने फोन स्पीकरवर ठेवला होता. मागे बँड असा जोरात, की आमच्याकडचं कुत्रं उठून बसलं.

"वहिनी, टोकं नीट बसलीत का?"

"बसलीत. टक्‌ वाजतंय."

"मग उंदराने खाल्ली असेल."

"पाइपात आहे ना तार!"

"उंदराला पाइपच आवडतो वहिनी. सोमवारी येतो, नवीन टाकून देतो."

"भाऊ, आज तीन वाजता माझी तपासणी आहे. आज."

"वहिनी, आज मी नवरीकडचा आहे. इथून हललो तर बायको मला घरात घेणार नाही. गावात कोणाकडे लांब तार मिळते का बघा."

जवळच्या सावदा गावातल्या दुकानात विचारलं. तयार टोकांची तार होती, पण ती अंगणाच्या निम्म्यात संपणारी. मुलगा शेतात, केळीची कापणी चालू. खांद्यावर घड असताना माणूस फोन उचलत नाही, तोही उचलत नव्हता.

अकराला हे मळ्यातून आले. हातपाय धुतले. सूनबाईने विचारलं, "आबा, मी नव्हते तेव्हा अंगणात काही खणलं होतं का?"

हे रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "अंगणात? अंगणात तर काही ना काही खणणं चालूच राह्यतं."

हे खोटं नाही. नीट बघ, यात एक शब्द खोटा नाही.

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, सांगा तिला."

"काय सांगू?"

"सांध्याचं."

"सांधा पक्का आहे. ओढून बघितला होता मी. फॉल्ट तिथं नाहीच, तर सांगून तिचा वेळ कशाला घालवायचा? उंदीर शोधू दे तिला."

"मी सांगते मग."

"तू शब्द दिलाय."

दिला होता. आता आमचं कसं आहे, त्यांनी मला दिलेले शब्द आणि मी त्यांना दिलेले, असे पंचेचाळीस वर्षं सांभाळलेत. त्यातला एक मोडायचा तर त्यालाही जरा कारण लागतं. तू हसू नकोस. तुझं लग्न होऊन चारच वर्षं झालीत.

साडेबाराच्या सुमाराला सूनबाई मागच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसली. सकाळपासून आंघोळ नाही, वेणी नाही, कपाळावर मातीचं बोट. मी ताक घेऊन गेले. ती म्हणाली, "बठ्ठं देखी लिधं आई. लाईट लागस नही." म्हणजे सगळं बघून झालं, दिवा काही लागत नाही. ती आमच्याशी चांगलं शहरी मराठी बोलते. अहिराणीवर आली म्हणजे रडायला एक पायरी राहिली, हे मला आता कळतं. "आते काय करू मी?" असं म्हणून तिने फोन घेतला आणि कंपनीला निरोप लिहायला घेतला. मी चष्म्यातून बघितलं. आज काही अडचणीमुळे माझ्याकडून तपासणी देणं शक्य, इथपर्यंत लिहून झालं होतं.

मी म्हटलं, "ते पूर्ण करू नको. आधी जेव."

"भूक नाही आई."

"तुला नसेल. यांना वाढायचं आहे. चल."

ताटं मांडली. हे बसले. ती समोर बसली, ताटाला हात न लावता. मी भाकरी वाढत विचारलं, "अहो, ठिबकचं पाणी शेवटच्या झाडाला पोचलं नाही तर तुम्ही आधी काय बघता?"

हा त्यांचा आवडीचा विषय. तुला माहीत आहे, त्यांना ठिबकबद्दल विचारलं की पाहुण्याची बस चुकते. ते खुलले. भाकरीचा तुकडा भाजीत बुडवत म्हणाले, "आधी विहिरीवर जायचं. मोटार चालू आहे का बघायचं. चालू आहे? मग दुसरं टोक बघायचं, शेवटची टोपी काढून. तिथं पाणी नाही? मग फॉल्ट मधी. मग नळीच्या बाजूनं चालत यायचं, हळू, नजर खाली. जिथं माती ताजी दिसली तिथं..."

आणि थांबले. घास हातात.

सूनबाईने मान वर केली. "तिथं काय आबा?"

"तिथं थांबायचं," ते हळूच म्हणाले.

ती उठली. पुढच्या घराच्या भिंतीपाशी, जिथे पाइप जमिनीत शिरतो, तिथून सुरू झाली. हळू, नजर खाली. पण अंगणात रोज सडा पडतो, दहा दिवसांत सगळी माती एकसारखी झालेली. ती कढीपत्त्याजवळून पुढे निघून गेली. मी तिच्या मागे चालत होते. कढीपत्त्याच्या अलीकडे दोन हातांवर मी थांबले आणि उभी राहिले.

मी शब्द मोडला नाही. काही बोलले नाही. नुसती उभी राहिले. उभं राहायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं.

ती शेवटपर्यंत जाऊन परत वळली. मला बघितलं. मग माझ्या पायांकडे बघितलं. मग पुन्हा माझ्या तोंडाकडे. त्या उन्हात दगडासारखी उभी राहायची माझी काही पद्धत नाही, हे तिला माहीत होतं. तिने कुदळ आणली नाही, खुरपं आणलं. एवढं भान तिला होतं.

मोठ्या पाइपाचा तुकडा लागला. तो सरकवला. आत सांधा. सुतळी, ट्यूब, टेप. बाई, काय सांधा होता! तो उघडायला पंधरा मिनिटं लागली. हे मागे येऊन उभे होते, आणि तो सहजासहजी उघडत नाही हे बघून त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं.

वेळ दीडचा. सूनबाईने केबलवाल्याला व्हिडिओवर घेतलं. तो फेटा बांधून होता. त्याने सांध्याचं तोंड बघितलं आणि म्हणाला, "हा तर मोटारीचा सांधा आहे. आबांनी केला का?"

"पक्का आहे की नाही?" हे मागून म्हणाले.

"पक्का आहे आबा. पण पांढऱ्या कशा जोडल्या?"

"पांढरी ती पांढरी."

बँड तेवढा वाजत राहिला. मग तो म्हणाला, "आबा, त्या चारही पांढऱ्या वेगळ्या आहेत."

"वेगळ्या असत्या तर वेगळ्या रंगाच्या केल्या असत्या."

त्यात असं असतं, ते मी तुला सांगते, कारण तुलाही माहीत नसणार. आठ तारांत चार रंगीत. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. उरलेल्या चार पांढऱ्या. पण प्रत्येक पांढरीवर केसाएवढी एक रेघ असते, तिच्या जोडीदाराच्या रंगाची. नारिंगीची पांढरी वेगळी, हिरवीची पांढरी वेगळी. जोडीजोडीनेच त्या काम करतात. जोड्या फोडून भलत्याच पांढरीशी भलती पांढरी बांधली, की एकही तार तुटलेली नसताना दिवा लागत नाही. यांनी चार रंगीत बरोबर जोडल्या होत्या आणि चार पांढऱ्या हाताला येतील तशा. मोटारीच्या केबलीला रेघा नसतात. चाळीस वर्षांत यांना रेघ बघायची वेळ आली नव्हती.

आता ती रेघ बघायची कोणी? यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, तार डोळ्याजवळ नेली, लांब नेली. "पांढरीच आहे," म्हणाले. सूनबाईच्या हातात फोन, आणि तो असा हलत होता की केबलवाला म्हणाला, वहिनी, मला सगळं अंगणच नाचताना दिसतंय. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या थंडीत जळगावला झालेलं. तेव्हापासून मला तांदळातला खडा ताटाबाहेरून दिसतो. मी मांडी घालून मातीत बसले.

उन्हात रेघ नीट उठत नव्हती. निळी दिसली, हिरवी दिसली, पण नारिंगी आणि तपकिरी सारख्याच वाटायला लागल्या. खाली मातीचाच रंग, म्हणून आणखी घोळ. मी म्हटलं, खाली काहीतरी पांढरं धरा. हे इकडेतिकडे बघायला लागले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तारांखाली उलगडून ठेवली. यांची टोपी कोणासाठी डोक्यावरून उतरत नाही, आमच्या मुलाच्या वरातीत कोणीतरी गमतीने काढली तर जेवले नव्हते. सूनबाईने बघितलं आणि नजर तारांकडे वळवली.

टोपीवर सगळं स्वच्छ दिसलं. मी रेघ बघून सांगायचं, ते जोडायचे.

"ही नारिंगीवाली."

"पक्की?"

"पक्की. ही तिकडची तपकिरी आहे, तिला सोडा. ती खालची घ्या."

"ही?"

"ती नव्हे हो, तिच्या बाजूची. हां."

बोटं त्यांचीच, ती चुकली नाहीत. केबलवाला फोनमधून म्हणत होता, जोडीचा पीळ फार उलगडू नका, आणि कोणीतरी त्याला मागून म्हणत होतं, अक्षता आल्या, चला. शेवटी तो म्हणाला, "आता टेप मारू नका, आणखी हलेल. तसंच राहू द्या, कोणी हात लावू नका, वारा लागू देऊ नका. तपासणीपुरतं चालेल. मी जातो, मंगळाष्टकं सुरू झाली."

तीनला वीस मिनिटं कमी. सूनबाई मागच्या खोलीत धावली. आम्ही दोघं तिथेच, तारांवर हाताचा आडोसा धरून. आतून काही आवाज येईना. हे मला म्हणाले, "लागला नसल." मी म्हटलं, "गप्प बसा." मग आतून ती ओरडली, "लागना! लागना आई!" लागला. हिरवा. आणि तिने दार लावून घेतलं.

आता पुढचं काम यांचं होतं. उघडा सांधा, अंगणात कोंबड्या, शेजारची शेळी मोकळी. यांनी खाट आणून खड्ड्यावर आडवी टाकली आणि तिच्यावर हातात काठी घेऊन बसले. टोपी तारांखाली, ती काढता येईना. मी ओला रुमाल दिला, तो त्यांनी गळ्याशी धरला आणि डोकं तसंच ठेवलं. आवाज करायचा नाही, कारण आत तपासणी. कुल्फीवाला गल्लीत घंटा वाजवत आला, तर यांनी त्याला दोन्ही हात जोडले. तो घाबरून घंटा धरून निघून गेला.

मग केळीच्या कामाचे दोन गावकरी आले. फाटकातून "आबा!" म्हणून हाक मारणार तेवढ्यात त्यांना दिसलं की आबा भर उन्हात बोडक्याने बसलेत, समोर खणलेलं, शेजारी बायको पदर घेऊन गप्प, आणि आबांनी हात वर करून शांत राहायला सांगितलं. दोघांनी चपला काढल्या. खाली माना घालून ओट्यावर बसले. थोड्या वेळाने आणखी एक आला, तोही बसला. त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "केव्हा अक्का?"

मी म्हटलं, "तीनला."

त्याने मान हलवली. "फार त्रास झाला का?"

"सकाळपासून," मी म्हटलं.

त्याने डोळे पुसले. मला तेव्हा कळलंच नाही तो का पुसतोय. मला वाटलं मिरच्यांमुळे.

पाऊण तासाने मागचं दार उघडलं. सूनबाई बाहेर आली. ओट्यावर आता पाच माणसं होती. तिने सगळ्यांकडे बघितलं, तिला काही उमगेना. ती म्हणाली, "झालं आई. घेतलं मला. सोमवारपासून बसा म्हणाले."

ती माणसं मग चहा घेऊन गेली. काय झालं होतं ते त्यांना समजावून सांगायला आम्हाला त्या पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागला.

संध्याकाळी हे म्हणाले, "सांधा पक्का होता. रंगात गडबड होती." सूनबाई म्हणाली, "आबा, पुढच्या वेळी खणाल तेव्हा मला फोन करा. मी माहेरी असले तरी." ते म्हणाले, "बरं." आमच्या घरात यांच्या तोंडून बरं येणं म्हणजे काय, ते तू तुझ्या आईला विचार.

माझ्याशी मात्र ती दिवा लावायच्या वेळेपर्यंत बोलली नाही. मग चहाचा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तुम्हाला सकाळपासून माहीत होतं."

"होतं."

"आठ वाजल्यापासून."

"हो."

"आठ वाजता तिथे उभ्या राहिल्या असत्या तर माझी वेणी तरी झाली असती. त्या माणसाला मी तशीच दिसले."

मी चहा प्यायले. शब्द सांभाळण्यात मी तिची नोकरी घालवायला निघाले होते, हे खरं आहे, आणि ते मी तुला लिहून देते आहे. त्यानंतर मी यांना सांगून टाकलं, घरातली तार, मोटार, गॅस, आणि सुनेचं काहीही, या गोष्टींबद्दल मी आता शब्द देणार नाही. ते म्हणाले, मग राहिलं काय? मी म्हटलं, तुमच्या लपून ओढायच्या बिडीचं आहे की.

केबलवाला सोमवारऐवजी मंगळवारी आला, तोवर सांध्यावर खाट तशीच होती, आणि नवीन तार टाकून गेला. सूनबाई आता रोज सकाळी नऊला दार लावून बसते आणि सहाला उघडते. मी अंगणात गेले की तिचा आवाज ऐकू येतो, अगदी शांत. समोरचा माणूस काय काय बोलत असेल, पण ही म्हणते, "काही हरकत नाही सर, आपण पहिल्यापासून बघू या. आधी मला सांगा, तुम्ही घरी नसताना कोणी मशीनला हात लावला होता का?" हा प्रश्न तिला कंपनीने शिकवलेला नाही, असं तिनेच मला सांगितलं.

त्यामुळे इकडे यायचं तर आठवड्यात मध्येच येऊ नकोस, ती कामात असते आणि आम्ही दोघं कुजबुजत असतो, तुला करमणार नाही. रविवारी ये. तिला सुट्टी असते, ती दार उघडं टाकून केस वाळवत बसते, आणि तिला तुझ्याशी धुळ्याच्या गप्पा मारायच्या आहेत, मला नुसतं म्हणते, तुमची भाची कधी येणार. सकाळची एस.टी. धरलीस तर जेवायला पोचतेस. आंबे संपत आलेत, माझ्याकडे दोनच पेट्या राहिल्यात, आणि त्यातली एक तुझ्या नावाने अजून उघडलेली नाही. तर या रविवारी ये गं. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, पण त्याच्या पलीकडे नेऊ नकोस.